तारकर्लीत बसून काम करणाऱ्यांनो, 'हिंमत' कुणाला शिकवताय?

अजिंक्यताऱ्याखाली

काल इथे एका गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली. मूळचे कोरेगावचे, आठ महिने मालवणजवळ भाड्यानं राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतात. मथितार्थ असा की सकाळी पोहायचं, दुपारी बांगडा, संध्याकाळी वाळूत पाय, आणि जे अजून साताऱ्यात, सांगलीत नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कुजतायत ते स्वतःच्या मर्जीनं कुजतायत. शेवटचं वाक्य, "हिंमत लागते." डोकं तिथं सटकलं.

साहेब, मी तारकर्लीत पाच महिने काढलेत. २०२४, जानेवारी ते मे. समुद्राकडे तोंड असलेली खोली म्हणून महिन्याला तीन हजार जास्त मोजले. माझी टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. रोजची मीटिंग आपल्या संध्याकाळी साडेसहाला. एप्रिलमध्ये तिथं सूर्य बुडतो सातच्या जरा आधी. खिडकीकडे पाठ केली की कॅमेऱ्यात माझं तोंड काळंठिक्कर. खिडकीकडे तोंड केलं की ऊन थेट डोळ्यात आणि स्क्रीनवर काही दिसेना. शेवटी पडदा ओढून बसायचो. तीन हजार जास्त देऊन, पडदा ओढून.

लाईटचं बोलायलाच नको. इन्व्हर्टर आणि बॅटरी साताऱ्याहून गाडीत घालून फोंडा घाटानं नेली. खाऱ्या वाऱ्यानं चार्जरच्या पिनांवर हिरवट थर चढला. मे उजाडेपर्यंत कपाटातला चामड्याचा पट्टा बुरशीनं पांढरा. पोहणं? रात्री दोनला काम संपवणारा माणूस सकाळी पोहत नाही, झोपतो. साताऱ्यात निदान उठल्यावर किल्ल्यावर तरी जाऊन येतो. शेवटी घर ते घर.

समुद्र वाईट असं म्हणत नाही. आठ दिवसांच्या सुट्टीला सोन्यासारखा. पण सुट्टीचे फोटो दाखवून लोकांना हिंमत शिकवू नका.

कृष्णाकाठची

मी सांगलीची, गावभागातली. गेली दोन वर्षं देवबागला राहून काम करते, त्यामुळे हे मलाच लागलं असं समजा.

'घर ते घर' हे ज्यांच्या घरात नदी शिरत नाही त्यांनी बोलावं. २०१९ च्या ऑगस्टात इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या माळ्यावर पत्र्याची पेटी होती, आजीच्या लग्नातली. कागदपत्रं, माझी प्रमाणपत्रं त्यात. तिथवर पाणी कधीच येत नाही असं तीन पिढ्या सांगत होत्या. आलं. २०२१ ला परत सामान उचललं. आई अजून जुलै लागला की सकाळी चहाआधी विचारते, "पुलावर किती?" तेव्हा खारा वारा आणि पट्ट्यावरची बुरशी हे दुःख मला नका सांगू.

आणि हिशेबही चुकलाय तुमचा. मीपण तिकडच्याच वेळेवर काम करते. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात. त्याआधी तुमची तीच मीटिंग आपल्याकडे साडेसातला येते. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे दहा दिवस सूर्यास्त तुम्हाला मोकळा होता की. तेव्हा काय करत होतात?

व्हाया गगनबावडा

बाकी चालू द्या. पण साताऱ्याहून मालवणला फोंड्यानं? करूळ घाट सोडून?

अजिंक्यताऱ्याखाली

@व्हाया गगनबावडा, करूळ त्याच जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद केला होता. आठवत नसेल तर विचारा कुणाला.

@कृष्णाकाठची, साडेसातचं बरोबर आहे. मान्य. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्यास्त बघितले. एकूण नऊ. बाकीच्या दिवशी इन्व्हर्टरवाला, गॅसवाला नाहीतर रेंज शोधत रस्त्यावर. तुमच्या पेटीबद्दल वाईट वाटलं, पण महापूर हे सांगली सोडायचं कारण झालं, किनाऱ्यावर राहायचं नव्हे. विट्याला जा, जतला जा. तिथं पाणी प्यायलाच मिळत नाही, शिरायचं कुठून.

व्हाया गगनबावडा

करूळ बंद होता तर भुईबावडा होता ना! गगनबावड्यातूनच उजवीकडे उतरतो. मी स्वतः त्या वर्षी अकरा वेळा गेलोय.

मिरजेचा निवृत्त

भुईबावडा अरुंद आहे. समोरून टेम्पो आला की कुणीतरी मागं घ्यायचं, आणि ते कुणी हे ठरेपर्यंत दिवस मावळतो. पावसात दरड. आमच्या काळी आंबोली. धुकं असायचं, पण एसटीचा ड्रायव्हर डोळे मिटून न्यायचा.

मूळ विषयावर दोन शब्द. आमचे चिरंजीव दक्षिण गोव्यात समुद्रकाठी झोपडीवजा खोलीत राहून काम करतात. रोज व्हिडिओवर बोलतात, तक्रार नाही. फक्त ते बाहेर व्हरांड्यात बसून बोलतात आणि माझ्या कानातल्या यंत्राला लाटाच आधी ऐकू येतात. गेले सहा महिने मी मुलाशी बोलतोय की अरबी समुद्राशी, हे मंडळींना विचारावं लागतं. त्यांना सांगितलं, आत बसून बोल. म्हणाले, "आत रेंज नाही, बाबा."

व्हाया गगनबावडा

आंबोलीनं मालवण म्हणजे द्राविडी प्राणायाम, काका. सावंतवाडीत उतरायचं आणि कुडाळवरून परत वर यायचं. पेट्रोल फुकट येतं का?

मिरजेचा निवृत्त

आम्ही पेट्रोल मोजत नव्हतो, तिकीट काढत होतो.

कऱ्हाडची सून, देवबागची लेक

किती वेळ गप्प बसून वाचतेय. घाटाचं आटपलं असेल तर मी बोलू का?

माझं माहेर देवबाग. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी, मधे चिंचोळी पट्टी, त्यावर आमची घरं. दर पावसाळ्यात समुद्र थोडी थोडी खातो. तुम्ही दोघं भांडताय ते 'राहावं की राहू नये' यावर. राहणारा म्हणतो निवांत आहे, परत आलेला म्हणतो निवांत नव्हतं. माझी आई चार खोल्यांचं न्याहारी निवास चालवते. पहाटे साडेचारला उठते, नारळ खवते, घावणे काढते, पंप चालू करते. रात्री अकराला लॅपटॉपवाला दार वाजवतो, "काकू, वायफाय गेलं." तिला वायफाय म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. आता मोडेम बंद करून चालू करते आणि तो परत पेटेपर्यंत दारात उभी राहते. तुमचा निवांतपणा तिथून येतो. माका सांगा, तुमचो लॅपटॉप चलता म्हणान गाव चलता काय?

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हाही विचारणार, "ताजी सुरमई नाही?" चुलतभावाचं लग्न झालं, त्याला स्वतःच्याच गावात भाड्यानं खोली मिळेना. सगळ्या खोल्या महिन्याच्या बोलीवर तुम्हा लोकांना. आणि मे २०२१ ला तौक्ते आलं, कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा काम करणारी मंडळी दुसऱ्या दिवशी गाड्या भरून वर निघाली. आई कुठं जाणार होती?

कृष्णाकाठची

ताई, राग कळला. पण भाडं काय मी ठरवते? तुमच्याच गावचे लोक ठरवतात. आणि वायफायसाठी मी कधी कुणाचं दार वाजवलेलं नाही.

कऱ्हाडची सून, देवबागची लेक

तुम्ही वाजवलं नसेल. कुणीच वाजवलेलं नसतं. आई उगाच उठते.

व्हाया गगनबावडा

तौक्तेचा विषय निघालाच आहे तर घाटाचं महत्त्व बघा. कोकणात दूध, भाजी येते ती घाटावरून. करूळ बंद होता तेव्हा दुधाचे टेम्पो कुठून जात होते? भुईबावडा आणि फोंडा. म्हणून म्हणतो, फोंड्यावर आधीच गर्दी, त्यात यांनी बॅटरी घेऊन जायची.

वाईचा पाहुणा

कुंभार्लीनं चिपळूण गाठा, तिथून ६६ नंबरचा हायवे धरून सरळ खाली. रस्ता आता बरा झालाय.

व्हाया गगनबावडा

चिपळूणवरून मालवण?? पुण्याला जायला सोलापूर लागतं का हो तुम्हाला? नकाशा बघत जा जरा.

वाईचा पाहुणा

नीट बोला. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे.

व्हाया गगनबावडा

माझे वडील फोंड्यानं जात नाहीत.

अजिंक्यताऱ्याखाली

बास करा. फोंडा का, ते ऐकायचंय? ऐका.

मे महिन्यात रात्री साडेदहाला शेजाऱ्यांचा फोन आला. वडील न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. मी अकराला तारकर्ली सोडली. कणकवली, फोंडा, वर चढलो. दाजीपूरच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध गवा. एकटा. हॉर्न वाजवायचा नसतो, दिवे मारायचे नसतात, एवढं ठाऊक होतं. इंजिन बंद करून बसलो. रेंज नाही. वडिलांना आत घेतलं की बाहेरच ठेवलंय, काही कळायला मार्ग नाही, आणि तो समोर रवंथ करतोय. बारा मिनिटं. मग जसा उभा होता तसाच निघून गेला. साताऱ्यात पोचलो साडेपाचला. आई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "समुद्राची वाळू आलीय बघ चपलेत."

त्या आठवड्यात खोली सोडली. वडील आता काठी घेऊन चालतात. आता मला कुणी हिंमत शिकवू नये.

व्हाया गगनबावडा

दादा, माफ करा. माहीत नव्हतं. वडिलांना नमस्कार.

(रात्रीच्या वेळी मात्र भुईबावड्यानं वीस मिनिटं वाचली असती. एवढंच.)

कृष्णाकाठची

हे आधी सांगायचं की. उगाच पडदा आणि पिना काढत बसलात.

माझी आई सांगलीतच आहे. दर पावसाळ्यात तिला इथं आणायचं ठरतं. गेल्या वर्षी आली, नवव्या दिवशी परत गेली. म्हणाली, "इथं दमट आहे, भडंग मऊ पडतंय." डबा घट्ट लाव म्हटलं, तर म्हणे डब्याचा प्रश्न नाही. पूर आला तर मला सांगलीला पोचायला किती तास लागतील हे मी मोजून ठेवलंय. भडंगाला काय उत्तर द्यायचं ते नाही सुचलेलं. तरी मी परत येणार नाही. पुढची पाळी माझी असं नका धरू.

कोरेगावचा, सध्या मालवण

ज्याच्यामुळे हे सगळं पेटलं तो मी. दोन दिवस वाचतोय. 'हिंमत' हा शब्द मागे घेतो. बांगडा मागे घेत नाही.

@देवबागची लेक, वायफायसाठी दार एकदा मी वाजवलंय. तुमच्याच आईंचं की नाही माहीत नाही. घावणे उत्तम होते.

कऱ्हाडची सून, देवबागची लेक

नारळाचा रस गुळाचा होता की साखरेचा?

कोरेगावचा, सध्या मालवण

गुळाचा. वेलची जास्त.

कऱ्हाडची सून, देवबागची लेक

आईच ती.

बरं, एक खरं ते सांगते. पावसाळ्यात पर्यटक नसतो, तेव्हा दोन खोल्यांचं भाडं चालू राहतं ते तुमच्यासारख्यांमुळेच. धाकट्याची फी त्यातून गेली. पण रात्री दहानंतर दार वाजवायचं नाही. मोडेमचं बटण मागच्या बाजूला आहे, स्वतः दाबा.

मिरजेचा निवृत्त

हे बटण आमच्या चिरंजीवांनाही कळवावं का? त्यांच्या आतल्या खोलीत रेंज येईल का त्यानं?

कोरेगावचा, सध्या मालवण

नाही काका, ते वेगळं. त्यांना इयरफोनवरून बोलायला सांगा, त्याचा माईक तोंडाजवळ येतो. लाटा बऱ्याच कमी होतील.

मिरजेचा निवृत्त

सांगतो. आभारी आहे. आंबोलीबद्दल मात्र मत कायम.

अजिंक्यताऱ्याखाली

@व्हाया गगनबावडा, एक विचारायचं होतं. माझी बॅटरी आणि इन्व्हर्टर अजून तारकर्लीतच पडलाय घरमालकांकडे. पावसाआधी उचलून आणावा म्हणतो. शनिवारी पहाटे निघेन. करूळ आता कसा आहे?

व्हाया गगनबावडा

एकदम झकास. काँक्रीट झालंय. पण दादा, शनिवार नको, गर्दी असते. शुक्रवारी रात्री निघा. आणि बॅटरी उभीच ठेवा, आडवी नको, वळणावर पाणी सांडतं.