‘रागा जॅझ स्टाइल’ म्हणे जॅझच नाही!

नवीपेठी: सकाळी इथली पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, परंपरा आणि नवा बाज एकत्र हवा असेल तर अ‍ॅलिस कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ वादिकेची १९७१ ची ‘जर्नी इन सच्चिदानंद’ ही रेकॉर्ड घ्या. शंकर-जयकिशनची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ म्हणजे हॉटेलातलं जेवतानाचं संगीत. अहो, मुंबईत जॅझ वाढला तोच हॉटेलांत! गोव्याचे वादक दिवसा सिनेमाला वाजवायचे, रात्री हॉटेलात. ‘रागा जॅझ स्टाइल’मध्ये रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. अजून काय पाहिजे?

सातरस्ता: पोस्ट माझीच. चार मिनिटांत मालकंस उरकणाऱ्याला काय म्हणू? ‘जर्नी’त नुसत्या एका बेसच्या चालीवर साडेसहा मिनिटं काढल्यात. मागं तानपुरा, वर फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन. कुणाला घाई नाही. तुमच्याकडं सगळं आधीच लिहून आणलेलं.

नवीपेठी: लिहिलेलं चालत नसेल तर सॅक्सोफोनवाला जो हॅरियट अन् संगीतकार जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ सूट’ ही रेकॉर्डही भंगारात घाला. मेयर कलकत्त्याचे, त्यांनी लिहूनच दिलं होतं. तिचं कौतुक मागच्या महिन्यात तुम्हीच केलंत की ओ!

बँडवाल्याचा पुतण्या: काका वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. नोटेशन वाचता येत नव्हतं, पण मनोहारींची भैरवी नुसती ऐकून उचलली. जॅझ आहे का नाही ते तुम्ही बसून ठरवा बे.

पत्र्याखालचा: कसला जॅझ अन् कसलं काय. ‘जर्नी’ची नव्यानं छापलेली रेकॉर्ड महागात मागवली, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिली, पापड झाला. सुई उड्या मारते.

सातरस्ता: आडवी रचून ठेवली असणार.

पत्र्याखालचा: हो, वर चादरींचा गठ्ठा होता. मग?

सातरस्ता: मग काय! सोलापूरचं ऊन, वर पत्रा, त्यावर गठ्ठा. रेकॉर्ड उभीच ठेवायची, भिंतीपासून लांब.

बँडवाल्याचा पुतण्या: दोन काचांमध्ये घालून उन्हात ठेवा, सरळ होते. काका करायचे.

नवीपेठी: अजिबात नको! तापलं की रेकॉर्डवरच्या खाचा दबून जातात, मग आवाज कायमचा गेला. असले काका प्रत्येक गल्लीत असतात.

बँडवाल्याचा पुतण्या: काकांवर जाऊ नका. त्यांच्या रेकॉर्ड अजून वाजतात, तुमच्यासारख्या प्लॅस्टिकच्या पिशवीत शोभेला नाहीत.

पत्र्याखालचा: भांडा तुम्ही. माझे पैसे कोण देणार?

सातरस्ता: कुणी नाही. कपाट घ्या आधी. आणि नवीपेठी, रात्री तुमची ती रेकॉर्ड परत लावली. भैरवीतला सॅक्स बरा आहे. बरा म्हटलंय, जॅझ नाही.

नवीपेठी: उपकार झाले! आता शिवरंजनी ऐका, मग बोलू.

पत्र्याखालचा: काचा किती मिलिमीटरच्या घ्यायच्या ओ?