सहावा महिना, शाळेची नोकरी आणि कपडे: मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

मी ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवते, सहावा लागलाय. दिवसभर उभं राहणं आणि फळ्यावर लिहिणं. नेहमीचे कुर्ते आता पोटावर ताणतात. दोन साइझ मोठे आणले, तर पोट मावतं पण खांदे दंडावर उतरतात, आणि फळ्याकडे हात नेला की गळा घसरून ब्राची पट्टी बाहेर. चौथीतली मुलं असलं काही नजरेतून सोडत नाहीत! शिवाय पोटामुळे कुर्ता पुढून उचलला जातो. मागून गुडघ्यापर्यंत, पुढून मांडीवर.

शाळेत साडी नाहीतर सलवार-कुर्ता-ओढणी, एवढंच चालतं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयातही तेच आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. साडी नेसले की परकराची नाडी काचते, संध्याकाळी लाल वळ उठलेला असतो. सासूबाई म्हणतात, पोटाखाली बांध. बांधली, पण निऱ्या सुटतील या धास्तीत शिकवणं होत नाही.

शिवून घेऊ की ऑनलाइन मॅटर्निटी कुर्ते मागवू? मागवले तर साइझ आधीचा की आत्ताचा? बाळ झाल्यावरही वापरता आले तर बरं. आणि पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे, आई हिरवी साडी आणतेय. ब्लाउज कधी शिवायला टाकू?

रानजाई: अभिनंदन गं! सरळ शिवून घे. वाढतं पोट आणि छाती, खांदे नाही वाढत, म्हणून मोठा साइझ घेऊन कधीच नीट बसत नाही. टेलरला सांग, खांदा आणि गळा जुन्या मापाचा, मुंढा किंचित सैल, छातीखाली जोड आणि तिथून चुण्या. पुढचा भाग मागच्यापेक्षा दोनेक इंच लांब कापायला लाव, म्हणजे पोटावरून उतरल्यावर कड सरळ दिसते. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही, उलट 'ताई, वाकडं दिसेल' म्हणून वाद घालतात. ऐकू नकोस. बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांग, आठव्यात एक टीप उसवली की काम झालं. चुण्यांत दोन्ही बाजूंना उभ्या चेन लपवून घेतल्या, तर पाजतानाही तेच कुर्ते. कापड सुतीच. मलमल मऊ असते पण आरपार दिसते, अस्तर लावलं की उकडतं. आणि कापड आधी भिजवून दे, आटलं तर सगळं मुसळ केरात.

कोयरी: मॅटर्निटी म्हणूनच शिवलेला कुर्ता असेल तर सहसा आधीचाच साइझ घ्यायचा, पोटाची जागा त्यात धरलेली असते. तरी छातीचं आत्ताचं माप टेपने घेऊन तक्त्याशी ताडून बघ. सलवारीची नाडी काढून रुंद, मऊ इलास्टिक घाल. परकरालाही तसाच होजिअरीचा चार बोटं रुंद पट्टा लावून मिळतो, निऱ्या त्यालाच पिनेने अडकवायच्या. साडीखालचं ते घट्ट शेपवेअर मात्र आता नको. आणि ब्रा बदललीस का? जुनीच असेल तर कुर्ता कितीही चांगला शिव, जीव घुसमटतो. तार नसलेली, रुंद पट्ट्यांची घे.

रानजाई: ब्लाउजचं राहिलंच. टेलरकडे तारीख आत्ताच धरून ठेव, माप मात्र आठवडाभर आधी दे. हुक पुढे, माया भरपूर. ओटी भरताना बराच वेळ पाटावर बसावं लागतं, म्हणून माप बसूनही घ्यायला लाव.

धागाकर्ती: दोघींना खूप धन्यवाद! पुढचा भाग लांब ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं. आता नौपाडा, गोखले रोडच्या बाजूला वाद न घालता असं शिवून देणारी लेडीज टेलर कुणाला माहीत आहे का? जिने चढायला नकोत, तळमजल्यावर असेल तर उत्तम.