मदत हवी आहे: नळदुर्ग ते औसा सायकलने, हायवे सोडून वाट आहे का?

चाकोरी | २२ डिसेंबर, रात्री ९:४०

शुक्रवारी पहाटे निघायचंय, म्हणून थेट विचारते. सोलापूर, नळदुर्ग, औसा, लातूर असा सायकलप्रवास ठरलाय. नळदुर्गपर्यंतचं पक्कं आहे, औशाच्या पुढचंही. मधलंच अडलंय. नकाशावर लोहारा, सास्तूर, किल्लारी अशी बारीक रेघ दिसते, पण ॲप दर वेळी वेगळी वाट दाखवतं. एकदा तर सरळ कुणाच्या तरी शेतातून. किल्लारी हे नावही दोन ठिकाणी दिसतंय. हायवे नकोय. ज्यांनी हा रस्ता प्रत्यक्ष केलाय त्यांनी सांगा, चालेल का?

गिअरवाला | रात्री ९:५५

सायकल कोणती? टायर किती रुंदीचं? एकट्या आहात की ग्रुप? सामान पाठीवर की कॅरिअरला? दिवस किती? हे कळल्याशिवाय "चालेल का" याला उत्तर देता येत नाही. रोडबाईकचं २५ मिलिमीटरचं टायर घेऊन तिकडच्या आतल्या रस्त्यांवर जाऊ नका, एवढं आत्ताच सांगतो.

प्रवासी१९ | रात्री १०:१०

मी सोलापूर ते हैदराबाद सायकलने केलंय. माझा सल्ला, नळदुर्गवरून सरळ उमरग्याला जा आणि तिथून लातूर रस्ता धरा. रुंद कडा मिळते, ढाबे मिळतात, काही झालं तर टेम्पो मिळतो. आतल्या रस्त्यावर पंक्चर झालं तर तासभर कुणी फिरकत नाही. शांतता म्हणून जे शोधताय त्याची किंमत असते.

चाकोरी | रात्री १०:२०

हायवे नकोय असं लिहिलंय ना. तोच रस्ता करायचा असता तर विचारलंच नसतं.

सायकली दोन. माझी हायब्रिड, ३५ चं टायर. दुसरी साधी, बिनागिअरची. सामान कॅरिअरला. दिवस चार.

निळीशाई | रात्री १०:३२

मराठवाड्यात येताय तर एक लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. आम्ही लांबून मंगळवारी गेलो आणि बाहेरूनच परतलो. संभाजीनगरहून देवगिरी १५ किलोमीटरच्या आसपास, त्यापुढे खुलदाबादला मलिक अंबरची कबर, मग वेरूळ. घाट एकच आहे, पण तो चढताना दम निघतो. सकाळी सातच्या आत घाट संपवा.

चाकोरी | रात्री १०:३५

धन्यवाद, पण आम्ही त्या बाजूला जात नाही.

भुईकोट | रात्री ११:०५

नळदुर्गला किती वेळ ठेवलाय? बहुतेक लोक तासाभरात फोटो काढून निघतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. किल्ल्यातूनच बोरी नदी जाते. तिच्यावर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळातला. नदीला पाणी असलं की ते बांधावरून खाली पडतं, आणि तुम्ही आत झरोक्यात बसून समोर पाण्याचा पडदा बघता. अंगावर थेंब येत नाही. नर आणि मादी हे दोन धबधबेही नदीला भरपूर पाणी असेल तरच. डिसेंबरात त्यांच्या भरवशावर जाऊ नका, पण महाल कोरडा असला तरी आत उतरा. नवबुरूज आणि उपळ्या बुरूज दोन्ही बघा. उपळ्याच्या पायऱ्या उंच आहेत, दिवसभर सायकल चालवून आल्यावर मांड्या भरून येतील, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.

आणि खरं सांगायचं तर तुमचा मार्गच बदला. परंड्याला जा. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, परंड्याला आली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. एवढं ओझं त्या काळच्या रस्त्यांवरून बैल लावून ओढत नेलं, याचा विचार करत तटावर उभं राहावं.

गिअरवाला | रात्री ११:१२

भुईकोट, त्यांना परवा निघायचंय. परंडा पार दुसऱ्या टोकाला आहे.

चाकोरी, बिनागिअरची सायकल कोण चालवणार? आणि नळदुर्ग ते औसा एका दिवसात करणार का?

चाकोरी | २३ डिसेंबर, सकाळी ६:५०

हो, एका दिवसात. ८० च्या आसपास धरलंय. बिनागिअरची बाबा चालवणार. ती त्यांचीच आहे, जुनी. दुसरी घ्यायला तयार नाहीत.

सोनचाफा | सकाळी ७:३०

बाबांचं वय काय? हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. माझ्या वडिलांना असंच हौसेनं नेलं होतं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि तिथून पुढे सगळ्यांचाच प्रवास संपला. रोज किती चालवतात? बीपीच्या गोळ्या चालू आहेत का? ८० हा आकडा मला पटत नाही.

चाकोरी | सकाळी ८:०५

६४. रोज १५-२० चालवतात, रविवारी ४०. गोळ्या नाहीत.

आता सगळेच विचारताय तर पूर्ण सांगते. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. १९८६ ते ९१ किल्लारीला होते, मग बदली झाली. त्या पाच वर्षांत सुटीच्या दिवशी याच सायकलवरून नळदुर्ग, औसा, खरोसा सगळं फिरले. ९३ नंतर एकदाही गेले नाहीत. भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसवलं हे मला माहीत आहे, त्यामुळे दोन किल्लारी का दिसतात ते कुणी समजावू नका. मला जुन्या गावठाणात जायचंय आणि ॲप नेमकं नव्या गावात नेतंय. बाबा म्हणतात, वाट मी सांगतो. पण ती तीस वर्षांपूर्वीची वाट.

कोरडवाहू | सकाळी ८:४०

ताई, गुरुजींना घेऊन यायलाव तर हे आधी सांगायचं न. मी लोहाऱ्याच्या बाजूचा. भूकंप झाला तवा मी चौथीला होतो. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ३० सप्टेंबर. आमच्याकडं अजून बी कुणी तारीख विचारत नाही, नुसतं "भूकंपाच्या आधी का नंतर" असं विचारतेत.

आता वाटेचं. नळदुर्गहून लोहारा, तिथून सास्तूर, सास्तूरहून किल्लारी, डांबरी रस्ता हाय. कुठं चांगला, कुठं उखडलेला, पण सायकल जाते. गाड्या कमी. नकाशा शेतातून दाखवतो ती पाणंद असते, आमच्या बैलगाडीची. कोरडी असली तर जाते. पण परवा-तेरवा आभाळ आलं आणि चार थेंब पडले तर पाणंदीत पाय टाकू नका. काळी माती चाकाला असी चिकटते की मडगार्डात गच्च बसते, चाक फिरतच नाही. मग काडीनं कोरत बसा.

दुसरं, जुनी गावठाणं वेड्या बाभळीनं भरलेली असतेत. पायवाटेवर काटे पडलेले असतेत. तिथं सायकल हातात धरून चालवा, बसून नको.

तिसरं, ऊस चालू हाय. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री बिनलाईटचे चालतेत. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. आणि किल्लारीच्या पुढं औशाकडं निघाल्यावर उमरगा-लातूर रस्ता लागतो, त्याच्यावर गाड्या भरपूर. तेवढा टप्पा सकाळी लवकर काढा.

प्रवासी१९ | सकाळी ९:००

म्हणजे शेवटी हायवे लागतोच आहे.

कोरडवाहू | सकाळी ९:०४

शेवटचा तुकडा लागतो. सगळा नाही. दोन्हीत फरक हाय.

गिअरवाला | सकाळी ९:२०

काट्यांसाठी टायरमध्ये सीलंट भरून घ्या. ट्यूबमध्येही भरता येतं, अर्ध्या तासात होईल. बाभळीचा काटा गेला तरी भोक आपोआप बुजतं. दोन्ही सायकलींना भरा आणि निश्चिंत राहा. हायब्रिडला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर बरोबर ठेवा, गावातल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही.

कोरडवाहू | सकाळी ९:५०

सीलंटचं मला ठाव नाही. आमच्याकडचे काटे दोन बोटं लांब असतेत, ते आत मोडून राहतेत. ट्यूब बदलली तरी टायरात अडकलेलं टोक नव्या ट्यूबला परत भोक पाडतं. सोपा उपाय सांगतो. टायर काढलं की कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायराच्या आतून हळूहळू फिरवायचा. जिथं कापूस अडकला तिथं काटा. बोटानं शोधाल तर बोटात जाईल. कापूस इथं वाटंत मागाल त्या शेतात मिळंल.

गिअरवाला | सकाळी १०:०२

कापसाची युक्ती चांगली आहे, पण ती पंक्चर झाल्यावरची. सीलंट ते होऊच देत नाही. दोन्हींची तुलना करू नका.

भुईकोट | सकाळी १०:१५

सीलंटवरून वाद घालण्यापेक्षा औशाचा विचार करा. औशाचा किल्ला भुईकोट, गावाला लागूनच, दुहेरी तटबंदी आणि भोवती खंदक. लांबून तो दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर खंदकाच्या काठाशी कळतं. नळदुर्गला पाणी किल्ल्याच्या आत घेतलंय, इथं बाहेर. दोन्ही लागोपाठ बघणार आहात, तर तेवढं नीट बघा. खरोशाची लेणी औसा-निलंगा रस्त्याच्या बाजूला आहेत, ती त्याच दिवसात कोंबू नका.

सोनचाफा | सकाळी १०:४०

वाटेवर आणि किल्ल्यांवर खूप चर्चा झाली. नळदुर्ग ते औसा दोन दिवसांत करा, मधे लोहाऱ्याला थांबा. गुरुजींना जुन्या गावात किती वेळ लागेल ते तुम्हाला आत्ता सांगता येणार नाही. तिथून घाईनं उठवून औशाला पळवू नका. त्या दिवशी पुढचं अंतर डोक्यात नसलेलं बरं.

चाकोरी | सकाळी ११:१०

हे पटलं. मी फक्त अंतर बघत होते. चार दिवस आहेतच, खरोसा वगळते. पण लोहाऱ्यात रात्री राहायची सोय? मला ऑनलाइन काही दिसत नाहीये.

कोरडवाहू | सकाळी ११:२५

ऑनलाइन कशाला दिसंल. आमच्या शेतात घर हाय, आई-बाप तिथंच राहतेत. भाकरी, पिठलं, धपाटे, दही, एवढं मिळंल. हुरडा पण चालू हाय. नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय.

प्रवासी१९ | सकाळी ११:४०

अनोळखी घरी राहण्याआधी नीट चौकशी करावी असं माझं मत. कोरडवाहू यांच्यावर आक्षेप नाही, सर्वसाधारण सांगतोय.

कोरडवाहू | सकाळी ११:५२

बरोबर हाय त्यांचं. ताई, आधी माझ्या आईसंगं फोनवर बोला. मग ठरवा.

निळीशाई | दुपारी १:१५

अवांतर: नळदुर्गजवळ अणदूरचा खंडोबा आहे. देव वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गजवळ मैलारपूरला असतो. पौष पौर्णिमेला मैलारपूरची यात्रा. त्या सुमाराला नळदुर्गात खोली मिळणं कठीण, तेव्हा तारीख बघून घ्या.

चाकोरी | दुपारी १:३०

यात्रेला अजून वेळ आहे, नळदुर्गची खोली कालच फोन करून पक्की केली. पण ही माहिती खरंच कामाची. कोरडवाहूंच्या आईंशी बोलले. पहिला प्रश्न, "गुरुजी कोणत्या शाळेत होते?" बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मग वीस मिनिटं परत मिळाला नाही.

चाकोरी | ३० डिसेंबर, रात्री ८:२०

परत आलो. पुढे कुणी ही वाट शोधत आलं तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

सोलापूर ते नळदुर्ग सकाळी साडेसहाला निघून अकराच्या आत पोचलो. पाणीमहालात पाण्याचा पडदा नव्हता. पण आत गारवा होता आणि बाबा झरोक्यात बराच वेळ बसले. उपळ्या बुरूज दुसऱ्या दिवशी सकाळी चढलो, भुईकोट, तुमचं ऐकलं ते बरं झालं. तिथून लोहारा. रस्ता जसा सांगितला तसाच, तीन ठिकाणी खड्डे, बाकी निवांत. दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. अख्ख्या टप्प्यात मोजून चार मोटारी गेल्या.

कोरडवाहूंच्या घरी राहिलो. त्यांच्या आईंनी बाबांना "मास्तर" म्हणून हाक मारली आणि ताटात दुसरा धपाटा वाढूनच विचारलं, अजून वाढू का.

तिसऱ्या दिवशी सकाळी सास्तूरवरून जुन्या किल्लारीला. स्मृतिस्तंभापासून पुढे सायकली हातात धरून चाललो. जोती दिसतात, त्यावर बाभळी. बाबांनी शाळा भिंतीवरून नाही, हापशावरून ओळखली. हापशाचा दांडा गेलाय, सिमेंटचा ओटा आहे. पोरं पाणी प्यायला रांग लावायची ती या बाजूनं, असं म्हणत त्यांनी ओट्याभोवती एक फेरी मारली. मग कुठल्या वर्गात कोण बसायचं ते सांगत राहिले. नावं घेतली. मी लिहून घेतली. दीड तास झाला. सोनचाफा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी अर्ध्या तासात घड्याळ बघितलं असतं.

पंक्चर दोन. एक माझं, सीलंट असूनही. काटा आडवा शिरून चीर पडली होती. दुसरं बाबांचं, आणि तिथं कापसाचा बोळा वापरला. वाटेतल्या शेतातून एक बोंड मागून घेतलं. टायराच्या आत तिसऱ्या वितीला कापूस अडकला, तिथून पाऊण इंच काटा निघाला. गिअरवाला, दुसऱ्या एका ठिकाणी सीलंटनंच भोक बुजलेलं दिसलं, तेव्हा तेही भरा.

किल्लारीहून औशाचा तुकडा त्या दिवशी केला नाही. नव्या गावात बाबांचा एक विद्यार्थी भेटला, त्याच्याकडे राहिलो. चौथ्या दिवशी सहाला निघून साडेआठला औसा, किल्ला बघून दुपारी लातूर, रात्री रेल्वे. सायकली पार्सलने टाकायच्या तर स्टेशनवर दोन तास आधी जा.

कोरडवाहू | रात्री ९:०५

ताई, गुरुजींनी घेतलेल्या नावांची यादी आईला पाठवा. त्यातली दोघं-तिघं आमच्या नात्यातली असावीत असं ती म्हणायली.

चाकोरी | रात्री ९:१०

व्यनि केलाय. २७ नावं आहेत. बाबांनी पुढं आडनावंही लिहिलीत.