मदत हवी आहे: पोलंडच्या ‘आरपी’ क्रॉसचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. 1943 ते 1948 या काळात इथल्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो, त्यातून पोलंडची पदकं जमवायचा नाद लागला. साम्यवादी काळातली सैनिकी आणि नागरी पदकं शेजारी ठेवून पाहायला मला फार आवडतं. 1951 चं सैन्यसेवेचं पदक आहे, आणि 1960 पासून 50 वर्षांच्या संसारासाठी देतात ते पदकही आहे. त्यावरची गुलाबाची फुलं पाहिली की मन भरून येतं.

अडचण ‘क्शिश झास्वुगी’ या गुणगौरव क्रॉसची आहे. तो 1923 मध्ये सुरू झाला, तेव्हा मधोमध ‘आरपी’ (‘पोलिश प्रजासत्ताक’ या पोलिश नावाची आद्याक्षरं) असत. 1952 मध्ये देशाचं नाव बदललं आणि तिथे ‘पीआरएल’ (‘पोलिश जनप्रजासत्ताक’) आलं. 1989 च्या शेवटी जुनं नाव परतलं, राष्ट्रचिन्हातल्या गरुडाच्या डोक्यावर मुकुटही परतला. म्हणजे ‘पीआरएल’ दिसलं की काळ लगेच कळतो. माझ्याकडचा सुवर्ण क्रॉस मात्र ‘आरपी’चा आहे. विकणाऱ्याने तो ‘1946 चा’ म्हणून दिला. लाल मिन्याचा एक टवका उडालाय, मागची बाजू सपाट आहे, फीत नवी वाटते.

हा युद्धापूर्वीचा, 1944 ते 1952 मधला, की 1989 नंतरचा, हे कशावरून ओळखायचं? मिना, कडी की पाठीमागची घडण? कुणाकडे ‘आरपी’ क्रॉस असेल तर कृपया दोन्ही बाजूंचे फोटो टाका. टवका उडालेल्या जागी काही करावं, की तसंच ठेवावं?