प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक : मराठीत काय म्हणावं?

मी ठाण्यात, नौपाड्याला राहते. सासूबाई अकरा दिवस आयसीयूत होत्या. नाकात नळी, तिच्यातूनच पातळ आहार. एकदा सिस्टर एक पुडी पाण्यात कालवून सिरिंजने नळीत सोडत होत्या. हे काय, विचारलं तर म्हणाल्या, "प्रोबायोटिक. चांगले जंतू असतात." शेजारच्या आजोबांच्या सूनबाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी थर्मासमधून घरचं ताक घेऊन आल्या. ताक परत गेलं. बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर धरून त्या कितीतरी वेळ बसून होत्या.

'मित्रजीवाणू', 'हितकर जीवाणू' हे शब्द वाचलेत. प्रीबायोटिकला कुणी 'पूर्वजैविक' म्हणतं. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद (वाशी, आहारतज्ज्ञ)

ताई, 'पूर्वजैविक' नकोच. पृथ्वीवर जीव जन्मण्याआधीच्या रसायनांसाठी तो ठीक. आहारातलं प्रीबायोटिक वेगळं. गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली तो शब्द मांडला तो आपल्याला न पचणाऱ्या, पण आतड्यातल्या ठरावीक जंतूंना पोसणाऱ्या अन्नघटकासाठी. कांद्या-लसणातलं इन्युलिन त्यातलंच. नातेवाइकांना मी 'जंतूंचा चारा' म्हणते, लगेच कळतं.

'हितकर' मात्र मला खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या प्रोबायोटिकच्या व्याख्येतच 'पुरेशा मात्रेत दिल्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव' असं आहे, आणि आयसीयूत तो लाभच वादात आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या गंभीर दाहाच्या रुग्णांना नळीतून असे जंतू दिले. २००८ साली निष्कर्ष आले : जंतू दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६. २०२१ साली व्हेंटिलेटरवरच्या २६५० रुग्णांचा अभ्यास छापून आला. न्यूमोनिया जंतू दिलेल्या गटात २१.९ टक्के, न दिलेल्यात २१.३, म्हणजे फरक नाहीच. वर जंतू दिलेल्या १५ जणांच्या तपासणीत तोच जंतू त्रासदायक म्हणून सापडला, दुसऱ्या गटात एकाच्या. काही प्रोबायोटिक पुड्यांत यीस्ट, म्हणजे एक बुरशीच, असते; तशी पुडी खाटेपाशी फोडली तर पूड उडून मानेतल्या शिरेच्या नळीवाटे रक्तात बुरशी जाऊ शकते. अशा वस्तूला 'मित्र' कसं म्हणू? मी 'जिवंत जंतूंची पुडी' म्हणते. नातेवाईक दचकतात, पण मग नीट प्रश्न विचारतात.

ताकाचं म्हणाल तर त्यात कोणते जंतू, किती, हे ठाऊक नसतं. शिवाय आंबट पदार्थाने नळीतला दुधाचा आहार फुटतो आणि नळी चोंदते. हे त्या सूनबाईंना कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं होतं.

मूळ प्रश्नकर्ती

'चारा' आवडला. पुडीसाठी माझ्या मनात 'विरजण' होतं. जिवंत, चमचाभर, दुसऱ्यात घातलं की वाढणारं. दुधाचं दही करतं, आणि आनंदावर पडलं की आनंद नासतो. दोन्ही अर्थ आपल्या बोलण्यात आहेतच. म्हणजे हा शब्द आधीच निकाल देत नाही.

प्रतिसाद (वाशी, आहारतज्ज्ञ)

अर्थाने अगदी चपखल, ताई. पण 'विरजण' म्हटलं की उद्या आणखी कुणीतरी थर्मास घेऊन येईल. समजावताना विरजणाचा दाखला जरूर देईन. कागदावर 'जिवंत जंतूंची पुडी'च लिहीन.