उत्तर: शेकल्यावर कामठ्याचा बसलेला वाक जाईल का?

कामठ्याची (धनुष्याची) दोरी उतरवल्यावरही चार बोटं वाक राहतो, शेकून सरळ होईल का, असं विचारलंय. सरळ होईल, पण आधी कामठा का बसला ते बघा. पोटाकडचे (ओढणाऱ्याकडच्या बाजूचे) तंतू दाबाने चिरडले की वाक बसतो. लाकूड ओलं असेल तर लवकरच. आपल्याकडे श्रावणात तासलेला कामठा हमखास बसतो. ओल असताना शेकूही नका, चिरा पडतात.

पाठ (लक्ष्याकडची बाजू) फळीकडे करून मुठीखाली 4 सेंमीचा ठोकळा ठेवा, टोकं फळीकडे दाबून क्लॅम्प लावा. मग फक्त पोटाची बाजू शेका. बाभळीचे निखारे 15 सेंमीवर, ज्वाळ अजिबात नको (पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची, ज्वाळ भरताला राहू द्या). हीट गन असेल तर 8-10 सेंमीवर धरून एका वितीला 4-5 मिनिटं. रंग गुळासारखा तपकिरी झाला की पुढे सरका. काळं पडलं तर ते लाकूड गेलं. पाठीला हात लावून बघत राहा, हात ठेववेना तर थांबा. पाठीवर काही चिकटवलेलं असेल तर पांढरा फेविकॉल आचेने सुटतो.

रात्रभर फळीवरच थंड होऊ द्या. लगेच दोरी चढवलीत तर मोडणार, कारण लाकूड कोरडंठक्क झालेलं असतं. जळगावच्या मे महिन्यात तर जास्तच. हवेतली ओल परत घेईपर्यंत सावलीत टांगा, रोज किचनच्या काट्यावर वजन करा. वजन वाढायचं थांबलं की दोरी चढवून ओढा. ओढायला लागणारा ताण वाढलेला असेल, म्हणून दोन्ही भुजांचा (मुठीच्या वरच्या-खालच्या भागांचा) वाक पुन्हा जुळवावा लागतो.