एमआरआय नॉर्मल आलाय, आता बाबांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला (वय २४) गेल्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत, आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय. परवा कितीतरी महिन्यांनी त्याने आपणहून चहा केला आणि मला कप आणून दिला. मी रडलेच.

सुरुवातीला एमआरआय काढला होता, तो नॉर्मल आला. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: "मेंदूत काही नाही, मग गोळ्या कशाला?" आल्यागेल्याला फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून दाखवतात. भाऊ तिथेच मान खाली घालून बसलेला असतो.

डॉक्टर म्हणाले, गाठ, सूज असं दुसरं काही नाही ना, हे बघायला तो स्कॅन होता. निदान लक्षणांवरूनच होतं. पण बाबांना ते पटत नाही, म्हणून मीच वाचत बसले.

१९७६ साली लंडनमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की बरीच वर्षं आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या असतात. २०१६ च्या एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसं होती. त्यात रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) सरासरीने लहान निघाला. म्हणजे फरक आहे, पण सरासरीतला. निरोगी माणसांतही हे आकार इतके कमीजास्त असतात की एकट्याच्या फिल्मवरून काही ठरवता येत नाही. अमेरिकेतला १९९० चा एक अभ्यास मला फार पटला. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, प्रत्येकीत एकालाच आजार. दोघांचे स्कॅन शेजारी ठेवल्यावर १२ जोड्यांत आजारी कोण ते नुसतं बघून ओळखता आलं. माझ्या भावाला जुळा नाही. त्याची फिल्म कशाच्या शेजारी ठेवणार?

आणखी एक अडचण आहे. या गोळ्यांमुळेही मेंदूचा आकार थोडा घटत असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. डॉक्टरांच्या मते गोळ्या अचानक बंद करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. हे बाबांना सांगू का? लपवायला मन घेत नाही, पण ते नेमकं तेवढंच धरून बसतील.

तुमच्यापैकी कुणी घरातल्या मोठ्यांना हे समजावलंय का? कोणत्या शब्दांत? शनिवारी बाबा पहिल्यांदाच डॉक्टरांकडे सोबत यायला तयार झालेत. त्याआधी काही सुचवलंत तर खूप मदत होईल.